जातो म्हणजे येतो

माझे वडील माझ्याशी निरोपाचा शेवटचा जो शब्द बोलले तो होता 'जातो'. तो ऐकून मी हसले होते. हसत हसत 'या की मग' असंही म्हणाले होते. त्यांनी तो शब्द चेष्टेत टाकला होता की खराखुरा, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचंय, आणि ज्यांना विचारायचं तेच आता नाहीत. मराठी माणसाला यातली मेख लगेच कळेल, कारण आपल्याकडं घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही. पण मी हसले का, हे कळायला स्पेनमधल्या एका गावापर्यंत यावं लागेल, आणि त्याच्याही आधी आमच्या सोलापूरच्या घराच्या दारात.

आमच्या दारात 'जातो' या शब्दाला बंदी होती. तशी ती बहुतेक घरांत असते, पण आमच्या आईनं तिचा पार कायदा करून टाकला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, होटगी जंक्शनला रेल्वेत पॉइंट्समन. रूळ बदलायचे, डबे जोडायचे, सोडायचे, बावटा दाखवायचा. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. निघताना ते मोटारसायकल दारात उभी करायचे, वळून "येतो गं" म्हणायचे आणि थांबायचे. आतून आईचा "या" आला की मगच किक मारायची. आई न्हाणीत असो, गच्चीवर असो, नाहीतर शेजारणीशी बोलत बसलेली असो, अप्पा तसेच उभे. "डूटीला उशीर हुतोय की!" असं ती आतून ओरडली की हे बाहेरून ओरडायचे, "मग या म्हण की पयलं!" सगळ्या गल्लीला ते पाठ झालं होतं. दोन डब्यांच्या मधे उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला तो एक शब्द किती लागतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला आपली गंमत वाटायची.

शाळेत असताना एकदा डब्यातल्या भाजीवरून भांडून मी रागारागानं "जाते" म्हणून बाहेर पडले. कोपऱ्यावर शाळेची रिक्षा उभी होती, आत पोरं कोंबलेली. आई धावत आली, मला रिक्षातून खाली उतरवलं, घरात नेलं, उंबऱ्याच्या आत उभं केलं, पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "हां, आता म्हण." मी "येते" म्हणाले. "ये," ती म्हणाली, आणि मग माझी सुटका झाली. रिक्षातल्या पोरांनी त्यावरून मला वर्षभर छळलं.

येण्याजाण्याची आणखी एक तऱ्हा आमच्या घरात होती, तीही सगळ्यांच्या घरात असेलच. आईनं जेवायला हाक मारली की अप्पा पलंगावरून जागचे न हलता "आलो, आलो" म्हणायचे. मीही तशीच, मोबाईलमध्ये डोकं घालून "आले!" आई वैतागायची. "आलो म्हणत्यात आन हालत न्हाईत. आलो म्हंजे आलं पायजे की माणूस!" पण आम्ही दोघं सुधारलो नाही. अप्पांचं आणि माझं अशा बाबतीत लगेच जमायचं.

मी पुण्याला कॉलेजात स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा माढ्याकडच्या काकांनी ही कुठल्या राज्यातली भाषा, असं विचारलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "तितं रेल्वे हाय का?" मी म्हटलं, आहे की, चांगली आहे. "मग काय हरकत न्हाय," ते म्हणाले. पुढं कॉलेजातर्फे एका सत्रासाठी स्पेनला जायची संधी आली आणि माझा नंबर लागला. गाव कोर्दोबा. अप्पांनी नकाशावर ते शोधून काढलं आणि त्याच्याकडं जाणाऱ्या रेल्वेच्या रेघा बोटानं मोजत बसले.

सोलापूर स्टेशनवर ते दोघं सोडायला आले होते. आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी इतकी दिली होती की बॅग उचलताना अप्पांचा खांदा मोडायची वेळ आली. गाडी आली तसे अप्पा माझ्याकडं बघायच्या ऐवजी डब्यांच्या जोडणीकडं बघायला लागले. ते त्यांचं रडू लपवायचं तंत्र होतं, हे मला माहीत होतं. मी खिडकीतून "येते" म्हणाले. आई "ये" म्हणाली. अप्पा त्या जोडणीलाच "ये" म्हणाले.

कोर्दोबाला मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरात खोली घेऊन राहिले. घर जुनं, मधे चौक, चौकाच्या भिंतींवर फुलांच्या कुंड्या लटकवलेल्या. बाई एकटीच. बोलायची भरभर आणि मोठ्यानं, पण मनानं चांगली. पहिल्या आठवड्यात थंडी होती आणि रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली होती. खाली पडून त्यांचा सडा व्हायचा. मी अप्पांना व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. त्यांना ते सहन होईना. "आन कोण उचलत न्हाय? न्हाय म्हंजे? आगं पिशवी घे की!" मी सांगितलं, अप्पा, ती कडू असतात, नुसती शोभेची. "मग लावत्यात कशाला?" ते म्हणाले. मे महिना आला तसं तिथलं ऊन बघून मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपतं, बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, हे ऐकून म्हणाले, "मग आपलंच गाव हाय की ते. उगीच एवड्या लांब गेलीस."

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या आठवड्यातलं. म्हातारीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "निन्या, आ कोमेर!" म्हणजे पोरी, जेवायला. मी वरच्या खोलीत वेणी घालत होते. सवयीनं तोंडात 'आले' आलं, आणि मी मोठ्या हुशारीनं त्याचं स्पॅनिश करून ओरडले, "या ए बेनीदो!" मी आलेय. मग म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आली, चौकात बघितलं, जिन्याखाली बघितलं, शेवटी धापा टाकत वर माझ्या खोलीत आली. मी आरशासमोर तशीच, अर्धी वेणी हातात. "आलेय म्हणालीस," ती म्हणाली, "कुठं आलीस?"

मग तिनं मला शिकवलं. हाक मारल्यावर म्हणायचं, "या बॉय." त्याचा शब्दशः अर्थ होतो, 'जाते आत्ता'. जो हाक मारतोय त्याच्याकडं आपण चाललो, म्हणून 'जाते'. त्यांच्या हिशेबानं ते अगदी बरोबर आहे. पण जेवायला बोलावणाऱ्या म्हाताऱ्या बाईला उलटून 'जाते' म्हणायचं? माझी जीभ वळेना. कितीतरी दिवस मी तिची हाक आली की काहीच न बोलता धावत खाली जायची. ती म्हणायची, ही पोरगी एवढी का घाबरते?

हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते पलंगावरून उठूनच बसले.

"म्हंजे बोलावलं की 'जातो' म्हणायचं?"

"व्हय अप्पा."

"आन घरातनं निगताना?"

"तेव्हा पण 'जातो'च म्हणतात."

"मग 'येतो' कोण म्हणतं?"

"कुणीच न्हाय."

अप्पांनी बराच विचार केला. "लई कोरडी माणसं गं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पुन्यांदा म्हण की, काय म्हणती तुजी म्हातारी?"

"या बॉय."

"हे बग, 'या' हाय की त्यात!"

मी समजावलं की त्यांच्या 'या'चा अर्थ 'आत्ता', 'लगेच' असा आहे, आपला 'या' वेगळा. ते त्यांनी कानाआड केलं. "आसंना का. 'या' बी म्हणत्यात आन 'जातो' बी म्हणत्यात. हितं दारात मी आन तुजी आय दोगं मिळून जे म्हणतो, ते तुजी म्हातारी एकटीच म्हणती. एकटी हाय न्हवं ती, म्हणून." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसत बसले.

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. फोन ठेवायची वेळ झाली की अप्पा आधी मान वळवून आई जवळपास नाही ना ते बघायचे. तिच्या कानावर पडलं असतं तर दोघांचीही धडगत नव्हती. मग फोन अगदी तोंडापाशी आणून, स्क्रीनवर नुसत्या मिशा दिसतील असा धरून, हळूच म्हणायचे, "जातो!" मी म्हणायची, "या की मग!" आणि आम्ही दोघं, चोरून गुळाचा खडा खाल्ल्यासारखे, हसायचो. आमच्या दोघांपुरता 'जातो' म्हणजे येतो, असं ठरून गेलं होतं. रोजचा फोन त्यावरच संपायचा. मलासुद्धा मग जीभ वळायला लागली. म्हातारीनं हाक मारली की मी वरून "या बॉय!" ओरडायची आणि मनात म्हणायची, अप्पा, बघा.

मे महिन्यात अप्पा बारीक दिसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, उन्हानं. सोलापूरचं ऊन मलाही माहीत आहे, त्यामुळं मला ते पटलं. मग फोन छोटे व्हायला लागले. मग म्हणाले, रेंज नीट नाही, कॅमेरा बंद ठेवतो. एकदा चुकून कॅमेरा चालू झाला तेव्हा त्यांच्या मागं हिरवा पडदा दिसला. मी विचारलं, हे कुठलं? म्हणाले, "डूटीवरची इसाव्याची खोली. नवं पडदं लावल्यात." मी म्हटलं, चला, रेल्वेनं एवढं तरी केलं. आता मला तो पडदा डोळे मिटले तरी दिसतो. दवाखान्यात असा पडदा आधी कधी बघितला नव्हता असं थोडंच आहे? पण आपल्या बापाच्या मागं तो असेल असं आपल्या मनात येत नाही.

शेवटचा फोन आला तेव्हा कोर्दोबात टळटळीत दुपार होती आणि सोलापुरात संध्याकाळ. माझी परीक्षा जवळ आली होती. मी चौकात सावलीला वही घेऊन बसले होते. अप्पांनी चटणी संपली का विचारलं. मी सांगितलं, म्हातारी पावावर तेल ओतून त्यावर आपली चटणी घालून खाते, संपणारच. ते हसले. मग त्यांनी विचारलं, "अब्यास झाला का?" मी म्हटलं, होतोय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हातारीची हाक आली आणि मी ओरडले, "या बॉय!"

"बोलावतीया न्हवं. जा, जेव," अप्पा म्हणाले.

"जाते," मी म्हणाले.

पलीकडं कसलीतरी ढकलगाडी गेल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. जातो मी आता."

हळूच नाही. फोन तोंडाशी आणून नाही. मोठ्यानं, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि रोज नुसतं 'जातो', त्या दिवशी 'जातो मी आता'. मला फरक जाणवला, नाही असं नाही. मला वाटलं, आई बाजारात गेली असेल, म्हणून मोकळेपणानं बोलतायत. मी हसले आणि म्हणाले, "या की मग!"

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि फोन बंद झाला. मी जेवायला गेले. त्या दिवशी वाटाणे होते.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. काका मला कधी फोन करत नाहीत. ते म्हणाले, "अप्पा गेलं गं."

मी विचारलं, "कुठं?"

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तो प्रश्न मला अजून विसरता येत नाही. सकाळपासून मी स्पॅनिशमध्ये वाचत होते, स्पॅनिशमध्ये विचार करत होते, आणि त्या भाषेत 'गेले' म्हटलं की माणूस कुठंतरी गेलेला असतो. पलीकडून नुसता काकांच्या रडण्याचा आवाज येत राहिला आणि मग माझं मराठी परत आलं.

अप्पांच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. ऑपरेशन ठरलं होतं. आईला माहीत होतं, काकांना माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, होटगीच्या सगळ्या स्टाफला माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं. अप्पांनी सगळ्यांना शपथ घातली होती, तिची परीक्षा होऊ द्या, मग सांगू. सकाळी आत नेलं आणि ते परत बाहेर आले नाहीत. सगळ्यांनी मिळून माझी परीक्षा सांभाळली. ती परीक्षा मी दिलीच नाही. कुणावर चिडायचं तेही कळेना, कारण ज्यांच्यावर चिडायचं होतं त्यांच्यासाठीच तर रडत होते. अजूनही चिडलेलीच आहे. मला कळलं असतं तर मी पहिल्या विमानानं आले असते, त्यांचा हात धरून बसले असते आणि परीक्षा गेली असती खड्ड्यात.

निघताना म्हातारी दारात उभी राहिली. रोज कॉलेजला जाताना मी तिच्या दारात मराठीत 'येते' म्हणायची, ते तिला ठाऊक झालं होतं, आणि त्यावर काय म्हणायचं तेही मी तिला शिकवलं होतं. तिनं मला घट्ट धरलं आणि तिच्या जड उच्चारात म्हणाली, "ये." मी "येते" म्हणाले. मी परत गेले नाही. कपाटात माझी वह्या-पुस्तकं राहिली आणि चटणीची बरणी राहिली.

घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. एवढे दिवस ठेवता आलं नाही, असं काका म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. दारात मोटारसायकल उभी होती, तिच्यावर कुणीतरी चादर टाकली होती. आई भिंतीला टेकून बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आलीस?"

भेटायला माणसं येत होती. होटगीचे लोक आले, माढ्याकडचे आले, करमाळ्याहून आईच्या माहेरचे आले. बसायची, थोडं बोलायची, डोळे पुसायची आणि उठायची. उठताना कुणी काही म्हणायचं नाही. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, अशा कामासाठी परत यायची वेळ नको म्हणून. मला ते माहीत होतं, पण आधी कधी असं बसून ऐकलं नव्हतं. एकेक माणूस नुसतंच उठून दाराबाहेर जायचं, चपला सरकायच्या, आणि मग काहीच नाही. ज्या दारात एवढी वर्षं 'येतो' आणि 'या' झालं, त्या दारातून सगळे मुक्यानं जात होते. मला त्या शांततेनं वेड लागायची वेळ आली. एका दुपारी मी काकांना म्हणाले, कुणीतरी काहीतरी म्हणा की. त्यांना काय ते कळलं नाही. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

आणि त्या सगळ्यात डोक्यात एकच. ते 'जातो' कुठलं होतं? आमचं असेल, तर बापलेकीचा शेवटचा शब्द हसण्याचा होता, आणि त्याच्यावर मी कशीबशी जगू शकते. पण ते आपलं, घरातलं, बंदी असलेलं 'जातो' असेल, तर माझे वडील माझा निरोप घेत होते आणि मी फिदीफिदी हसत होते. एकदा वाटायचं, खेळच होता, मी आधी 'या बॉय' ओरडले होते ना, त्यावरूनच त्यांना सुचलं असणार. मग आठवायचं, ते मोठ्यानं म्हणाले होते. 'मी आता' म्हणाले होते. आईला विचारावं तर आईला खेळ माहीतच नव्हता. आणि कुठल्या तोंडानं विचारणार होते, की आई, अप्पा जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना हसले ते त्यांना लागलं का?

पावसाळा सरत आला तेव्हा कॉलेजचं राहिलेलं पुरं करायला पुण्याला जायचं ठरलं. आदल्या दिवशी आईनं चटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले. अप्पा गेल्यापासून तिनं उखळाला हात लावला नव्हता. मी समोर बसून भाजलेल्या दाण्यांची फोलपटं काढत होते. तिनं कढईतून नजर वर न करता बोलायला सुरुवात केली.

"त्या दिशी दवाखान्यात तुज्यासंगं फोनवर बोलताना त्येनी 'जातो' म्हणले. मी बाजूलाच हुते. जल्मात कदी म्हणले न्हवते."

माझे हात थांबले.

"मला म्हायती हुतं, सकाळी आत नेणार हायती. माणूस जातो म्हणतोय, आपण 'या' म्हणाया पायजे, एवडं कळत हुतं मला. पर जीभच उचलंना गं. सारा जलम म्हणत आले. न्हाणीतनं म्हणले, गच्चीवरनं म्हणले. आन त्या वक्ताला तोंडातनं शबूद फुटंना. आन तेवड्यात तू फोनातनं म्हणलीस, 'या की मग'." तिनं पदरानं नाक पुसलं. "किती मोकळं म्हणलीस. हासून म्हणलीस. त्येंच्या तोंडावर बी हासू आलं. सकाळी आत नेलं तवा माज्याकडं बगून म्हणले, पोरीनं 'या' म्हणलंय."

कढईतले दाणे करपायला लागले होते. तिनं ते हलवले नाहीत.

"तुला कुणी सांगितलं न्हवतं, तरी कळलं हुतं न्हवं तुला?"

मला तिला सगळं सांगता आलं असतं. खेळ, म्हातारी, 'या बॉय', स्क्रीनवरच्या मिशा. सगळं जिभेवर होतं. पण मग माझं ते 'या' नुसती चेष्टा ठरलं असतं, आणि मग अप्पांना शेवटी 'या' कुणी म्हटलंच नाही असं झालं असतं. तिनंही नाही, मीही नाही.

"व्हय," मी म्हणाले. "कळलं हुतं."

"तरीच," आई म्हणाली. "बरं झालं. कुणीतरी म्हणाया पायजेच हुतं." आणि तिनं कढई खाली उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. मी बॅग ठेवली, वळले आणि "येते" म्हणाले. आतून काही उत्तर आलं नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी चादर घातलेल्या मोटारसायकलपाशी तशीच उभी राहिले.

"गाडी चुकंल की!" आई आतून ओरडली.

"मग ये म्हण की पयलं!" मी बाहेरून ओरडले.

आत कसलंतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती ओल्या हातानं दारापर्यंत आली, एकदा मोटारसायकलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि "ये," म्हणाली.